तुटक रेघ

झालेला मार्ग अखंड रेघेनं दाखवायचा,
व्हायचा तो तुटक:
नकाशे काढणाऱ्यांचा एवढाच धर्म.
माझी तुटक रेघ चौदा किलोमीटरची,
नदी दोनदा ओलांडते,
अकरा वर्षांत तीनदा सरकली, एकदा पुसली गेली,
आणि निवडणुकीनंतर परत उमटली
थोडी पूर्वेला, ओशाळल्यासारखी.

ऑक्टोबरातला मंगळवार. ऑन्टारिओतलं गाव.
पोर्तुगीज क्लबाचा हॉल, भिंतीवर बेटांचं फिकट चित्र,
सुक्या माशाचा कालपासून राहिलेला वास.
चार टेबलांवर नकाशे अंथरले.
येणाऱ्या प्रत्येकाला पाच हिरव्या टिकल्या:
ट्रामचं स्थानक हवं तिथं चिकटवा.

दंतवैद्यानं पाचही आपल्या दवाखान्यापुढं लावल्या.
एका मुलीनं ऐन नदीत एक,
बदकांसाठी म्हणाली.
मोटारी विकणारे वायबर्ट हाताची घडी घालून उभे:
माझ्या पार्किंगच्या केसाला धक्का लागता कामा नये.

सगळ्यांच्या मागून ग्लोरिन्डा बेटनकूर.
चष्मा कपाळावरून खाली ओढला,
रेघेवर बोट ठेवलं, चालवत नेलं, थांबली.
"हे तुकडे म्हणजे गाडी. मग मधल्या फटींत काय?"
काही नाही, मी म्हटलं, पद्धत आहे तशी.
"माझं घर फटीत आलंय.
म्हणजे गाडी माझ्यावरून उडी मारणार."
हसली. मी प्रमाण लावून पाहिलं:
तुकडा ऐंशी मीटर, फट चाळीस.
चाळीस मीटरांत तिचा द्राक्षाचा मांडव,
नवऱ्यानं ओतलेल्या सिमेंटच्या तीन पायऱ्या,
शेजारच्या सोमाली कुटुंबाचं अर्धं गॅरेज.

"कधी?"
सगळं जुळून आलं तर, एक्केचाळीस साली.
तिनं बोटांवर मोजलं नाही.
टिकल्यांचा कागद उलटून पाहिला फक्त,
औषधाच्या पाकिटामागं तारीख बघतात तसा.

"मुलगा कोंबड्यांच्या कारखान्यात.
पाळी सुटते अकरा चाळीसला,
शेवटची बस जाते अकरा पंचविसाला.
चालत येतो. तासभर.
बर्फात सव्वा तास."
कारखाना कुठाय, मी विचारलं.
तिनं शोधला. मीही शोधला.
तो सूचीच्या चौकटीखाली होता,
जिथं आम्ही छापलं होतं
अखंड रेघ: चालू. तुटक रेघ: प्रस्तावित.
तिनं पाचही टिकल्या तिथंच लावल्या,
एकीवर एक, अंगठ्यानं दाबून.

अहवालात त्या आल्या नाहीत.
नकाशाबाहेरची मतं मोजू नयेत, हा नियम
सहा वर्षांपूर्वी मीच लिहिलेला.

ती मागत होती पंधरा मिनिटं.
मी देत होतो चौदा किलोमीटर आणि सतरा वर्षं.

बसचं खातं तिसऱ्या मजल्यावर, आमचं पाचव्या.
मध्ये जिना आहे; तो फक्त आगीच्या सरावाला वापरतात.
मी उतरलो.
वेळापत्रक ओडेट बघते, टेबलावर निवडुंग आणि कात्री.
ड्रायव्हरची ड्यूटी वाढेल, म्हणाली,
युनियनला विचारावं लागेल. बघते.
फेब्रुवारीत बदल झाला.
तिची कात्री कुठल्याही फितीला लागली नाही.

परवा त्या बसनं गेलो, उगाच.
अकरा पन्नास. नऊ माणसं चढली,
कपड्यांना ब्लीचचा वास, कपाळावर जाळीच्या टोपीचा वळ.
त्यांतला तिचा मुलगा कोणता, कळलं नाही.
बस वळली. खिडकीबाहेर, संध्याकाळीच पडलेल्या बर्फात,
कारखान्यापासून पुलाकडं
कुणाची तरी पावलं गेली होती:
एक पाऊल, मोकळी जागा,
एक पाऊल.