कवटीचा फोटो

थोरला दवाखाना, रात्रीचे पावणेदोन.
कागदावर : श्रेयश व्हटकर, वय साडेतीन,
कट्ट्यावरून पडला, दोनदा उलटी.

शिशाचा एप्रन त्याच्या आईला गुडघ्याखाली पोचतो.
मी सांगतो, कानांपाशी धरा, घट्ट, पण दाबू नका.
तिच्या बोटांना सोल्युशनचा वास,
आरी लागल्याचे जुने काळे ठिपके.
"फोटो काढायचाय, हसायचं नाही," म्हटल्यावर
पोर हसतंच.
पहिला फोटो हलला.

दुसरा.

पडद्यावर कवटी उगवते,
पातळ, अजून पुरती न मिटलेली.
नागमोडी सांधे, जिथून डोकं वाढायचंय,
आणि उजव्या कानाच्या वर एक सरळ रेघ,
काळी, घाईत ओढल्यासारखी.

निदान सांगायचा मला अधिकार नाही.
बावीस वर्षं एवढंच म्हणत आलोय,
डॉक्टर बघतील.

ती माझ्या खांद्यामागून बघत उभी.
नागमोडीवर बोट ठेवते : "ही शिवण हाय."
मग सरळ रेघेकडे. बोट काचेला लावत नाही.
"ही न्हवं. ही चीर."
सुभाषनगरात चपलांचे तळ शिवते ती.
कातड्यानं कुठं धीर सोडलाय
ते तिला उजेडात धरलं की कळतं.

डॉक्टर येतात. म्हणतात, ह्यात हाड दिसतं,
आतलं नाही दिसत. सीटी करू.
"मग शिवायचं का?"
"नाही हो. ह्या वयात आपोआप जुळतं."

तिला ते पटत नाही.
आपोआप जुळलेलं
तिनं अजून काही पाहिलेलं नाही.

पोराचे डोळे मिटायला लागतात.
आम्ही तिघंही एकदम,
झोपू नको रे.