सहा सांधे, नऊ दांडे

डंडीत डिसेंबरात साडेतीनलाच दिवे लागतात.
तळघरातल्या वर्कशॉपमध्ये मर्डो किनेअर
माझा षट्कोन टेबलावर ठेवतो:
सहा बाजू, आरपार तीन लांब कर्ण,
सगळं पितळेचं, सांध्यासांध्यात खिळी.
"हे हलतंय," तो म्हणतो.

हलणं शक्य नाही.
मी हिशेब केलाय: सांध्यांची दुप्पट, वजा तीन.
बारातून तीन गेले, राहिले नऊ.
एक दांडा कमी, तर डोलारा.
एक जास्त, तर भांडण.
नऊ म्हणजे जेवढ्यास तेवढे.
आठ महिने एका प्रोग्रॅमला मी एकच विचारत होते,
कमीत कमी पितळेत जास्तीत जास्त काय पेलेल,
आणि एका रात्री, मी झोपेत असताना,
त्यानं हे उत्तर काढून ठेवलं.
इतकं देखणं, की मी पुन्हा तपासलंच नाही.

मर्डो बोटानं एक कोपरा दाबतो.
केसभर सरकतो कोपरा, आणि बाकीचे पाच
शेजारच्या घरातली बातमी कळावी तसे
थोडे थोडे हलतात.
मग तो एका कर्णावर टिचकी मारतो,
आमच्याकडे माठ घेताना मारतात तशी.
"आणि हा ताणलेलाही आहे.
भार तर काहीच ठेवला नाही आपण."

सैल आणि ताणलेलं, एकाच वेळी.
माणसांचंही असंच, मी म्हणणार असते,
पण त्याची बायको जाऊन महिनाच झालाय.
गप्प बसते.

तो फळीवरून रंगाच्या डब्याचं झाकण काढतो,
निळे ओघळ वाळलेलं,
आणि षट्कोनावर पालथं घालतो.
साही सांधे बरोबर कडेवर.

एका वर्तुळावर!
मोजणीला जागा दिसत नाही.
हे पुस्तकात आहे. मी शिकवलंयसुद्धा,
दोन वर्षं, दर सोमवारी सकाळी,
खडूच्या हातानं, मागे वळून न बघता.

करवत. कानस. पितळेचा पिवळा भुसा.
एका सांध्याचे तिन्ही दांडे आखूड करून
मर्डो त्याला अंगठाभर आत घेतो.
आता षट्कोनाला एक पोचा आहे,
आणि वजन चार ग्रॅम कमीच भरतं.
प्रोग्रॅमला मी हे अजून सांगितलेलं नाही.

दाबून बघते. ढिम्म.
टिचकी मारते. आवाज खाली उतरलाय.

"चहा?" मर्डो विचारतो,
आणि झाकण परत डब्यावर
मुठीनं ठोकून बसवतो.