गिरणीच्या वरची खोली

दुपारी दोनला खाली गिरणी सुरू होते
आणि फरशीवर मांडलेले चेहरे
हळूहळू सरकायला लागतात.
मी एका ओळीत लावते. कुणाची तरी ज्वारी दळून होईतो
सावळजचा बेदाणेवाला
मिरजेत सतारीचे भोपळे कोरणाऱ्याच्या
खांद्यावर चढलेला असतो.

अकरा वर्षं मगदूम सरांच्या स्टुडिओत काढली.
हनुवटी खाली. किंचित हसा. आता हलू नका.
परीक्षेच्या फॉर्मला पांढरा पडदा, पासपोर्टला पांढराच,
स्थळाच्या फोटोला मागं बाग.
तिथले चेहरे माझे नव्हेत.
सर म्हणाले, जा बाई खुशाल, हार्डडिस्क तेवढी इथं ठेव.
ठेवली.
त्यानंतरच्या दोन वर्षांतले मोजले :
चार हजार एकशे बारा.
हवेत वीस.

पहिल्यांदा काढून टाकला तो
मार्केट यार्डातला हमाल. पापण्यांवर हळद,
उन्हाची तिरीप नेमकी डोळ्यात.
ज्याला दाखवला तो वा म्हणाला,
आणि वा म्हणून पान उलटलं.
सांगलीत कॅमेरा घेतलेल्या प्रत्येकाकडे
एक पिवळा हमाल असतोच.
माझ्याकडच्याचं नाव बिराप्पा शेंडगे,
हे मला वहीत शोधावं लागलं.

मग आयर्विन पुलावरचे सगळेच गेले,
पूलच तेवढा छान आला होता.
मग देखणे लोक. त्यांची काही चूक नव्हती.
मग मावसबहीण, जिच्या चेहऱ्यावर
ही पैसे मागेल की काय
एवढा एकच भाव, पण अगदी स्वच्छ.

रत्नाबाई चौगुले मात्र जाईनात.
हरिपूर रस्त्याला, घरासमोर खुर्चीत बसवलेल्या.
एक हात मांडीवर, दुसरा हवेत,
"थांब गं, कुत्रं हाकलते आधी."
हात हलला. चार बोटांचा धूर झाला.
चुकलेल्यांत टाकला होता तो मी.
त्या गेल्यावर मुलगा आला, म्हणाला हाच द्या,
ह्यात आई आईसारखी दिसते.
दुसऱ्या दिवशी चौकातल्या फलकावर पाहिला :
हात कापलेला, मागं ढग,
कातडी दोन पट्टी उजळ,
खाली शोकाकुल म्हणून सत्तावीस नावं.
दहा दिवस त्या तिथं होत्या
आणि कुणालाच हाकलत नव्हत्या.

मी अख्खा छापून आणला,
हातासकट, शेपटीच्या टोकासकट.
पहिल्या पानावर घातला.

भाडं न्यायला गिरणीवाल्या अक्काताई वर आल्या,
भुवयांपर्यंत पीठ.
"एवढी माणसं मांडून बसलीयास, पत्ते खेळालीस व्हय?"
मग वाकल्या. बराच वेळ वाकूनच राहिल्या.
तिघांवर बोट टेकवलं, पांढरे ठसे उमटले.
"ही तुझ्यासंगं बोलालीत.
बाकीची आपली बसलीत."

रात्रभर मी त्यांच्याशी मनातल्या मनात भांडले.
तीन चेहरे घेऊन कुणाच्या दारात जायचं?
लोक वजन करून बघतात वही.
सकाळी अकरा उरले होते.
ठसे मी पुसले नाहीत.

गणपती पेठेत शिक्का करायला टाकला.
नावापुढं काय घालू, त्यानं विचारलं,
फोटो, आर्ट्स, स्टुडिओ?
काही नको म्हटलं.
मग ओळ मोकळी दिसेल की ओ.
दिसू दे.

आज खाली गहू आहे, थरथर बारीक.
अकरांतले दोघं एकमेकांना चिकटलेत,
सोडवायला उठले नाही.
परवा यार्डात बिराप्पाला शोधायला जाणार.
सकाळचा चहा नवाला असतो त्यांचा.
कॅमेरा न्यायचा का,
ते अजून ठरवलेलं नाही.