सत्तर डिग्री

खानापूरच्या सरकारी दवाखान्यामागं
पत्र्याच्या शेडमध्ये मशीन घरघरतं.
गौराक्का मडिवाळर काट्याकडं बघत नाही.
"सत्तरला पाण्याचा आवाज जाड होतो, ऐक की."

मी बेळगावच्या लॅबमधून आलेली,
कापसाचे बोळे, काचेच्या बशा, पेन.
रक्ताच्या, पुवाच्या, बाळंतिणींच्या चादरी
मशीनमधून निघाल्या तशा
वाफाळत्याच टिपून घेतल्या.
दोन दिवसांनी बघितलं :
बशा कोऱ्या.

मग घडी घालून वॉर्डात पोचलेली एक.
तिच्या बशीत
मोहरीएवढे पिवळे ठिपके, दाटीनं.

गौराक्का वाकून बराच वेळ बघत राहिली.
"आमच्यात मडी म्हंत्यात, तुमच्यात सोवळं.
शिवलं की गेलं.
आजीला माझ्या हे दिसत नव्हतं,
तरी ती म्हणायचीच."

म्हणायचीच,
आणि धुतलेलं सोवळं पोचवायला
मागच्या दारानं जायची,
उंबऱ्यापाशी ठेवून मागं सरायची.
हे गौराक्का बोलली नाही.
मीही विचारलं नाही.

मी ढकलगाडीकडं बोट केलं.
एकच गाडी.
सकाळी मळकं खाली आणते,
दुपारी तीच धुतलेलं वर नेते.

दुसऱ्या गाडीचा अर्ज
तीन वर्षं हुबळीत पडून आहे.

तिनं गाडीच्या दांड्यावर लाल रंगानं
कन्नडमध्ये 'मैली' लिहिलं,
धुतलेलं गाठोडं दोन्ही हातांवर घेतलं
आणि जिन्यापाशी थांबली.
परत आली. गाठोडं ठेवलं.
पाण्यानं पांढरे पडलेले तळवे
माझ्यापुढं धरले :

"आधी हे टिप."