बाटल्यांची ओळ

उद्यमबागेतल्या फौंड्रीत एकतीस वर्षं
मी रेती चाळली.
चिमूटभर बोटांत चोळून सांगायचो,
हिच्यात माती किती,
ही साचा धरेल की ओतताना ढासळेल.

म्हणून त्या मंगळवारी
कंग्राळीतल्या आमच्या विहिरीची बादली
दुधाळ, शाडू कालवल्यासारखी वर आली
तेव्हा आधी बोटं बुडवली,
चोळली,
मगच शिवी दिली.

आदल्या दिवशी पलीकडे मडिवाळप्पाच्या परसात
रात्री दहापर्यंत बोअरची गाडी धडधडत होती.
चारशे वीस फूट.
नुसता फुफाटा निघाला, पांढरा,
आमच्या दोरीवरच्या कपड्यांवर बसला,
आणि खाली कुठंतरी
आमच्या झऱ्याला धक्का लागला.

जाम संपला की मी बाटली धुतो.
तीत पाणी भरून खिडकीत ठेवतो, रात्रभर.
सकाळी तळाचा थर बोटानं मोजतो,
कागद चिकटवून तारीख लिहितो.
दोन बोटं. दोन बोटं. दीड.
परत दोन.
शेवंती म्हणते, "लोणचं घातलासा काय हो?"
पाणी आहे, खरं पिता येत नाही,
तर माणसानं निदान हिशेब ठेवावा.

तुरटी फिरवून बघितली.
निवळलं, खरं जिभेला ओढ बसायची,
शेवंती म्हणाली, आमटी आणि औषध एकच झालं.
मग खानापूरच्या बाजारातून
निवळीच्या बिया आणल्या, बटणासारख्या.
घागरीच्या आतून एक बी गोल गोल घासायची,
गप्प बसायचं.
फौंड्रीत गप्प बसायला कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरनं एक्स-रे उजेडाकडे धरला होता गेल्या वर्षी.
छातीत दोन्हीकडे बारीक बारीक ठिपके.
"रेतीच हाय ही, मेस्त्री.
ही खाली बसत नाही."
बाटली हलवली की मला तो कागद आठवतो.
शेवंतीला हे सांगितलेलं नाही.

पाण्याचा रिपोर्ट कानडीत आला.
मला अक्षरं लागत नाहीत,
मडिवाळप्पाच कुंपणापाशी उभा राहून वाचत होता,
एकेक ओळ, कानडीतून मराठीत ओढत.
गढूळपणाचा आकडा आला तेव्हा
त्याचा आवाज खाली गेला.
आकडा तर मलाही वाचता येत होता.
मी त्याच्या चपलांकडे बघत राहिलो.
त्याच्या बोअरला पाणी लागलंच नव्हतं.

रविवारी भावकाण्णा दोर बांधून उतरला.
मोटर काढली, पंप लावून विहीर उपसली.
सदतीस बादल्या गाळ,
एक स्टीलचा पेला, माझ्या मुलाचा रबरी चेंडू,
आणि एक पितळी कडी, कुणाची ते कळेना.
मडिवाळप्पा वर दोर ओढत होता,
त्याला कुणी बोलावलं नव्हतं.
खालून भावकाण्णा ओरडला,
"पूर्वेच्या कपारीतून येतंय गा, दुधासारखं!"

तिथं मी सांगेन तसा थर घातला:
मोठी खडी, बारीक खडी,
मग मार्कंडेयच्या पात्रातली धुतलेली रेती.
फौंड्रीची नको म्हणालो.
तिच्यात चिकणमाती असते,
ती सगळं धरून ठेवते.
फुटबॉल तळापासून तीन फूट वर टांगला.

आज अकरा दिवस झाले.
मडिवाळप्पाची मुलगी सकाळी कळशी घेऊन येते,
"नीर हेंग ऐती री, अज्जा?" विचारते.
मी बाटली तिच्या हातात देतो.
ती ती उन्हाकडे धरते,
एक डोळा मिटून.
"थोडं हाय अजून," म्हणते,
आणि तरी कळशी भरून घेते.

केसाएवढा थर.
मी तारीख लिहितो.
बाटली ओळीत ठेवताना
पाणी हलू नये म्हणून
जरा श्वास धरतो.