टाइम ऑफिस, सातपूर

गोदेच्या पुराचं माप सोपं असतं.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला,
एवढं विचारून सराफ बाजार माल वर चढवायला लागतो.

मंदीला मारुती नाही.
गंगापूर धरणातून तिचा विसर्ग जाहीर होत नाही,
भोंगा वाजत नाही.
उलट वाजणारा एक थांबतो : रात्री अकराचा.

एकतीस वर्षं मस्टर माझ्या ताब्यात होतं.
आधी ओव्हरटाइमचा रकाना कोरा पडतो,
मग कंत्राटी पोरं, ज्यांची नावं मी पेन्सिलीनंच लिहायचे,
मग शनिवार.
मग गेटबाहेर सुकदेवच्या टपरीवरचं दूध,
आठ लिटरवरून तीन.
दिल्लीतून कबुली येते ती दोन तिमाह्यांनी.

आजोबा तांबट आळीतले. तिसाच्या सालाबद्दल सांगायचे :
तांबं होतं, हात होते, गिऱ्हाईकही दारात उभं होतं,
पण घ्यायला नाही, मोडीत घालायला.
स्वतः ठोकलेला हंडा त्यांनी स्वतःच वजनावर घेतला,
लग्नातला होता, वरचं नाव घासूनही जाईना.
“समुद्रापार कुणी उसन्या पैशानं कागद घेतले म्हणे,
आणि ठोके आमचे थांबले.”

वडील नाशिकरोडला, नोट प्रेसमध्ये.
चौऱ्याहत्तरात रेशनच्या रांगेतून रिकामी पिशवी घेऊन आले,
तेव्हा मी म्हटलं, बाबा, दोन गठ्ठे जास्त छापा ना.
हसले नाहीत.
“नोट छापता येते गं. ज्वारी छापता येत नाही.”

आणि वसंत पगार. कळवणचा, फिटर.
हजेरीला रोजचा विनोद :
“पगार?”
“आला, आला!” अख्खी पाळी ओरडायची.
दोन हजार नऊचा फेब्रुवारी.
अमेरिकेत कुणाकुणाचे घराचे हप्ते थकले होते,
ती घरं आमच्यापैकी कुणी पाहिली नव्हती.
मी पुकारलं, पगार.
कुणी ओरडलं नाही.
तो होता. मागच्या रांगेत, डबा छातीशी धरून.
त्याला हजर म्हणवेना.

मालक म्हणाले मागणी नाही, युनियन म्हणाली मालक,
बँक काहीच म्हणाली नाही, तिनं फक्त पत्र पाठवलं.
मी? मी त्या महिन्यात शहाणपणा केला.
स्कूटर पुढच्या दिवाळीवर ढकलली.
शेजारच्या दोंदेबाईंनीही, त्यांच्या जावेनंही.
त्या स्कूटरचा क्लच आमच्याच शॉपमध्ये बनायचा,
पगारच्या मशीनवर.
हे मला फार उशिरा सुचलं,
दूध आणायला निघाले होते तेव्हा, चालताना.

आता गेटवर अंगठ्याचं यंत्र आहे.
तरी त्या बाजूला गेले की सुकदेवला विचारते,
किती घेतलंस आज?
“पाच.”
पाच म्हणजे गुडघा की कमर,
चढतंय की उतरतंय,
मला अजून सांगता येत नाही.