लिहून देणार

खानापुरात, तहसीलदार कचेरीच्या कंपाउंडात
जांभळीखाली माझं टेबल.
दिवसभर मी 'मी' लिहिते,
पण दुसऱ्यांचा.

मी, नीलव्वा कोम बसलिंगप्पा, वय अठ्ठावन्न,
मी, फ्रान्सिस वल्द सालू, धंदा बेकरी,
मी, खाली अंगठा करणार.
कानडी अर्जाला तीस रुपये,
तोच मराठीतून समजावून सांगायचे
काही घेत नाही.

संध्याकाळी घरी, त्याच पेनानं
गोष्ट लिहायला बसले
आणि पहिल्याच शब्दावर अडले.
मी, का ती?

'मी गेले' लिहिलं. खोडलं.
आमच्या घरात बायका 'जाते' म्हणत नाहीत.
आई म्हणते, मी येतो.
आत्ती म्हणायची, मी आता मरतो बघ,
आणि मेली बाईसारखीच.
पाचवीत बोरकर बाईंनी पट्टीनं
माझ्या तळहातावर 'ते' उमटवला,
तेव्हापासून एक मी वहीत,
एक चुलीपाशी.
'मी गेलो' लिहावं, तर पुण्याचा वाचक विचारणार,
हा माणूस लुगडं कधी नेसला?
व्याकरणाला काय, त्याच्या लेखी
मी म्हणजे प्रथम पुरुष.

म्हणून मग 'ती' घेतली.
तिला स्टँडवर उभी केली,
जांबोटीची गाडी लागायची होती, हातात वायरची पिशवी.
भावाचं नाव बदललं.
सर्व्हे नंबर बदलला.
काजूची झाडं अकरा होती, ती नऊ केली.
दोन झाडं कमी झाल्याचं
तिला लगेच कळलं.
ती काही बोलली नाही, नुसती पाठ करून उभी राहिली,
आणि पाठीची गोष्ट
किती पानं लिहिणार?

खरं सांगायचं तर
माझं सगळ्यात खोटं वाक्य
'मी'नंच सुरू होतं.
सात वर्षं झाली. हेच टेबल. अक्षर माझं.
नानु, स्वइच्छेयिंद,
कुणाच्या दडपणाशिवाय,
वडिलांच्या जमिनीतला हक्क सोडला.
लिहून घेणार, कल्लाप्पा, माझा भाऊ.
लिहून देणार, मी.
लिहिणारीही मीच, फी घेतली नाही.
कल्लाप्पानं चहा सांगितला,
खारी पण सांगितली.

कानडीत नानु होदे म्हटलं
की बाई गेली का बाप्या, कळत नाही,
नुसतं जाणं उरतं.
मला ते फार आवडायचं.
त्या दिवशी त्याच शब्दात शिरून
मी दिसेनाशी झाले,
आणि सब-रजिस्ट्रारनं शिक्का मारला.

साक्षीदार होता दस्तगीर, शेजारच्या टेबलावरचा.
काल त्याला विचारलं,
आठवतंय काय तुला?
त्यानं चष्मा पुसला, परत घातला.
"नानु लिहिलीस आन थांबलीस.
रस्त्यावरनं एक म्हस चालली होती, सावकाश,
ती पार पुलापत्तूर गेली,
तवर तुझं पेन कागदावरच."

घरी येऊन ती पानं बाजूला सारली.
नवा कागद घेतला.
एक म्हैस चाललीय, मलप्रभेच्या पुलाकडं,
कचेरीच्या फाटकातून तिला दिसतंय
एक टेबल, एक बशी, खारीचा चुरा,
एक हात, न हलणारा.
कुणाचा, ते तिला ठाऊक नाही.
तिनं मान वळवली, एवढंच.

आई भाकरी थापता थापता म्हणाली,
"काय लिवलालैस गे, इतक्या रात्री?"
गोष्ट.
"कुणाची?"
मी म्हणालो,
म्हशीची.